फॉरमॅटला ‘हो’ म्हणण्याआधी

लिनक्सवर चालणाऱ्या एका संगणकाचा अख्खा डेस्कटॉप मी स्वतःच्या हाताने काढून टाकला. चूक मोठी होती, पण दुरुस्त होण्यासारखी होती. तिच्यानंतर घाबरून, घाईघाईने आणि लपवालपवी करत मी जे केले, त्यात माझ्या बहिणीचे अनेक वर्षांचे काम कायमचे पुसले गेले असते. काय काय चुकले आणि तो संगणक पुन्हा कसा उभा राहिला, हे क्रमाने लिहितो आहे. अशा वेळी माणूस मराठीत काहीतरी शोधू लागतो आणि हाती फारसे लागत नाही, हे मी अनुभवले आहे.

माझी ताई लातूरला एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. दाजींची औसा रोडच्या बाजूला अभ्यासिका आहे. परीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’च्या नावावर दूरदूरच्या गावांतली मुले या शहरात खोली करून राहतात आणि पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत अशा अभ्यासिकांत बसलेली असतात. दाजींच्या काउंटरवर एक जुना संगणक होता. रॅम चार जीबी, हार्डडिस्क जुन्या पद्धतीची, फिरत्या चकतीची. विंडोज होते तेव्हा मुलांच्या पेनड्राइव्हमधून सारखे व्हायरस यायचे. एका सुटीत नांदेडहून गेलो असताना मी त्यावर उबुंटू २२.०४ हे लिनक्स टाकून दिले. व्हायरसचा त्रास थांबला. दाजींचा फीचा हिशेब लिब्रेऑफिसमध्ये आला. ताईही रोज संध्याकाळी तिथे बसून टंकू लागली. बारावीचे प्रश्नसंच, कवितांवरची टिपणे, व्याकरणाचे सराव, सगळे मराठीत आणि सगळ्या फायलींची नावेही देवनागरीत. तिची जुनी पेनड्राइव्हसुद्धा मीच त्या संगणकात रिकामी केली होती. दुसरी प्रत कुठेच ठेवली नाही. खरे तर चुकांची यादी इथूनच सुरू होते.

डिसेंबरच्या अखेरीस लातूरला गेलो तेव्हा दाजी म्हणाले, “संगणक फार हळू चालायला.” मी बघितले. पडदा उघडायला वेळ, फाइल उघडायला वेळ. उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप म्हणजे ग्नोम. तो जुन्या यंत्रावर जड जातो हे मला माहीत होते. एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप मिळतो, हेही माहीत होते. मी ठरवले, आधी ग्नोम काढायचा आणि मग एक्सएफसीई टाकायचा. दोन डेस्कटॉप एकत्र राहिले तर यंत्रावर दुप्पट ओझे पडेल, अशी माझी समजूत होती.

ही समजूतच मुळात चुकीची होती. जो प्रोग्राम चालू नाही तो रॅममध्ये बसत नाही. तो फक्त डिस्कवर थोडी जागा अडवतो. ग्नोम आणि एक्सएफसीई दोन्ही टाकलेले असले तरी लॉगिन करताना आपण जो निवडू तेवढाच चालतो. म्हणजे ग्नोम काढायची काहीच गरज नव्हती. एक्सएफसीई शेजारी टाकून, लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यातल्या दातेरी चाकाच्या चिन्हावरून तो निवडला असता तर काम झाले असते. हे मला सगळे घडून गेल्यावर कळले.

मी टर्मिनल उघडले आणि ‘सुडो ॲप्ट पर्ज ग्नोम’ असे लिहून त्याला चिकटून शेवटी चांदणीचे चिन्ह टाकले. त्या चांदणीचा अर्थ, ज्याचे नाव ग्नोम या अक्षरांनी सुरू होते ते सगळे. ॲप्ट म्हणजे उबुंटूत प्रोग्रामांची पॅकेजे टाकणारे आणि काढणारे साधन, पर्ज म्हणजे मुळासकट काढ. ॲप्टने लांबलचक यादी दाखवली. यादीच्या वर स्पष्ट लिहिले होते की खालील पॅकेजे काढली जातील. त्यात ‘उबुंटू-डेस्कटॉप’ होते. त्यात ‘जीडीएम-३’ होते, म्हणजे लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्राम. त्याच्या नावात ग्नोम नाही, पण तो ग्नोमवर अवलंबून असल्यामुळे त्याच्यासोबत जाणार होता. मी यादी वाचली नाही. माझी नजर शेवटच्या ओळीवर होती. अमुक इतकी जागा मोकळी होईल, पुढे जायचे का? जागा मोकळी होणार या आनंदात मी वाय दाबले. पाठोपाठ ‘ऑटोरिमूव्ह’ चालवले आणि आता कुणाला गरज नाही म्हणून आणखी पुष्कळ पॅकेजे गेली.

न वाचता होकार देण्याची सवय नवशिक्यांपुरती नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध तंत्रज्ञान-यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हा खेळांचा प्रोग्राम टाकायला घेतला. त्या वेळी पॅकेजच्या जुळणीत दोष होता. ॲप्टने बजावले की यात आवश्यक पॅकेजे काढली जातील आणि पुढे जायचे असेल तर ‘होय, मी म्हणतो तसे कर’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य पूर्ण टाइप करा. त्याने ते टाइप केले आणि त्याचा डेस्कटॉप गेला. जगभर तो व्हिडिओ पाहिला गेला. त्यानंतर ॲप्ट तयार करणाऱ्यांनी असा मार्ग सहज उघडा राहणार नाही अशी सुधारणा केली. माझ्या बाबतीत मात्र त्या कुंपणाचा उपयोग नव्हता, कारण डेस्कटॉप हा संगणक चालण्यासाठी ‘आवश्यक’ मानला जात नाही. सर्व्हरवर तो नसतोच. मी काढ म्हणालो, त्याने काढला.

सगळे काढून झाले तरी पडदा अजून दिसत होता. चालू असलेले प्रोग्राम मेमरीत असतात, डिस्कवरून काढले तरी लगेच थांबत नाहीत. टर्मिनल उघडे होते, वाय-फाय चालू होते. त्याच क्षणी एक्सएफसीई आणि लॉगिनचा पडदा टाकणारी आज्ञा दिली असती तर पुढचे काहीच घडले नसते. पण काही चिन्हे कोरी दिसू लागली आणि मी घाबरलो. घाबरल्यावर बहुतेक जण करतात तेच मी केले, संगणक रीस्टार्ट केला.

काळा पडदा आला. वर दोन-तीन पांढऱ्या ओळी आणि लुकलुकणारी रेघ. लॉगिन विचारणारी ओळ तिथेच होती. मी नाव टाइप केले, पासवर्ड टाइप करू लागलो, तर काहीच उमटेना. ठिपकेसुद्धा नाहीत. मला वाटले कीबोर्ड बंद पडला. त्या पडद्यावर पासवर्ड दिसत नाही, तो आत नोंदवला जात असतो, हे मला माहीत नव्हते. मग मी बटण दाबून धरले आणि संगणक बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. असे पुन्हा पुन्हा करणे फाइल सिस्टिमच्या जिवावर बेतू शकते. उबुंटूची ईएक्सटी-४ ही पद्धत होणाऱ्या बदलांची नोंद आधी ठेवते, त्यामुळे अर्धवट राहिलेले काम ती पुढच्या वेळी सावरून घेते. त्या नोंदीने मला तारले.

यानंतर जे केले त्याची मला आजही लाज वाटते. दाजींना सांगितले, “जरा सर्व्हिसिंग करून आणतो.” ताईला काहीच बोललो नाही. सीपीयू चादरीत गुंडाळला आणि एसटीने चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला घेऊन आलो. खरे सांगितले असते तर ताईने पहिल्याच मिनिटाला विचारले असते, “माझ्या फायली?” आणि तो प्रश्न माझ्याही डोक्यात शिरला असता. मी लपवले, त्यामुळे तो प्रश्न मला कुणी विचारलाच नाही. माझ्या डोक्यात एकच होते, पडदा कसा परत येईल.

नांदेडमधल्या एका दुरुस्तीच्या दुकानात सीपीयू नेला. त्यांनी चालू करून बघितला आणि म्हणाले, “सिस्टिम उडाली. फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो.” मी “हो” म्हणालो. त्यांच्या बाजूने त्यात गैर काही नव्हते. त्यांनी रोजचा उपाय सांगितला. आत डेटा आहे हे सांगायचे काम माझे होते आणि मी ते सांगितले नाही.

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. “अरे, सर्व्हिसिंग झालं का? बारावीची सराव परीक्षा आलीय, मराठीचा पेपर त्या संगणकातच आहे. तेवढी फाइल पाठव.” माझ्या हातापायांतले बळ गेले. धावत दुकानात गेलो. कामाची रांग मोठी होती म्हणून माझा सीपीयू अजून कोपऱ्यात तसाच पडून होता. तो उचलून घरी आणला. ताईचे काम वाचले ते या रांगेमुळे.

आमच्या शेजारचा मुलगा विष्णुपुरीच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत शिकतो. त्याला बोलावले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाला, “काका, फॉरमॅट कशाला करायलाव? तुम्ही डेस्कटॉप काढला, डेटा नाही काढला.”

मग त्याने समजावले. सर्वांत खाली कर्नल, म्हणजे खरा लिनक्स, ज्याची सुरुवात लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये केली. त्याच्यावर पडद्यावर चित्र उमटवणारी व्यवस्था. तिच्यावर लॉगिनचा पडदा. त्याच्यावर डेस्कटॉप. ग्नोमचा प्रकल्प १९९७ मध्ये स्वतंत्रपणे सुरू झाला, तो कर्नलचा भाग नाही. या सगळ्यांहून वेगळा ‘होम’ फोल्डर, ज्यात माणसाच्या स्वतःच्या फायली असतात. पॅकेज पर्ज केले तरी ॲप्ट होमला हात लावत नाही. लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानाचा दर्शनी भाग उतरवला म्हणून मागच्या गोदामातली तूर हलत नाही, तसेच हे.

त्याने कंट्रोल, अल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबल्या. स्वच्छ लॉगिन ओळ आली. पासवर्ड न दिसताच टाइप केला, एंटर दाबले आणि आम्ही आत होतो. यादी दाखवायची आज्ञा दिली. जिथे ताईच्या फायलींची नावे यायला हवी होती तिथे चौकोनी ठोकळ्यांच्या रांगा आल्या. ओळीमागून ओळ, सगळी नावे ठोकळेच. माझी खात्री झाली की फायली खराब झाल्या. मी तीच आज्ञा देऊन देऊन यादी पुन्हा बघत होतो.

इथे देवनागरीत काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे काही आहे. लिनक्सच्या या मजकुरी पडद्यावर एका वेळी फार तर ५१२ अक्षरचिन्हे मावतात आणि काना, मात्रा, जोडाक्षरे जोडून दाखवण्याची सोय त्यात नसते. त्यामुळे मराठी नाव ठोकळे होऊन दिसते. डिस्कवर मात्र ते नाव युनिकोडमध्ये अचूक साठवलेले असते. डेस्कटॉपसोबत आपली मराठी टंकलेखनाची सोयही गेलेली असते, म्हणून ते नाव टाइप करून फाइल उघडताही येत नाही. दिसत नाही आणि लिहिता येत नाही, म्हणजे फाइल गेली, असा समज होणे अगदी सोपे आहे. आम्ही फोल्डरचा आकार तपासला. तो भरलेला होता.

मग पहिले काम केले ते प्रत काढण्याचे. एकेका फाइलचे नाव लिहिणे शक्य नव्हते, म्हणून अख्खे होम ‘टार’ आज्ञेने पेनड्राइव्हवर एकाच फाइलमध्ये बांधले आणि तिला साधे इंग्रजी नाव दिले. यात आणखी एक फायदा असतो. मजकुरी पडद्यावरून आज्ञा देऊन जोडलेल्या पेनड्राइव्हवर कधी कधी देवनागरी नावे नीट उतरत नाहीत. टारच्या आत ती जशीच्या तशी राहतात. पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावून ती फाइल उघडली. ‘बारावी सराव पेपर’ हे शब्द पडद्यावर आले. मी तो पेपर ताईला पाठवला आणि लगेच फोन करून सगळे खरे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “डेस्कटॉप गेल्याचं काही नाही रे. तू मला न सांगता फॉरमॅटला हो म्हणालास, त्याचं वाईट वाटलं.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

डेटा हाती आल्यावर पुढचे काम शांतपणे झाले. शेजारच्या मुलाने ‘व्हार’ फोल्डरच्या आतल्या ‘लॉग’मध्ये ॲप्टचा ‘हिस्ट्री’ नावाचा लॉग उघडला. त्यात तारीख, वेळ, मी दिलेली आज्ञा जशीच्या तशी आणि तिच्याखाली गेलेल्या प्रत्येक पॅकेजचे नाव लिहिलेले होते. काय गेले ते आठवायची गरज नव्हती, अंदाज करायची गरज नव्हती. मी जी यादी न वाचता वाय दाबले होते तीच माझ्यासमोर होती. या वेळी मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

इंटरनेट नव्हते. वाय-फाय निवडून पासवर्ड देण्याची नेहमीची सोय डेस्कटॉपमध्ये असते आणि तो डेस्कटॉपच गेलेला. मजकुरी पडद्यावर ‘एनएमटीयूआय’ नावाचा साधा प्रोग्राम असतो, त्यात बाणांच्या कळांनी वाय-फाय निवडून पासवर्ड देता येतो. आम्ही त्याहून सोपा मार्ग घेतला. मोबाइल केबलने जोडला आणि त्यात यूएसबी टेदरिंग चालू केले. संगणकाला ते तारेचे जाळे वाटते आणि बहुतेक वेळा ते आपोआप जोडले जाते.

मी म्हणालो, “आता थेट एक्सएफसीईच टाकू.” तो म्हणाला, “काका, आधी होतं तसं करू. मग बदल करू.” त्याचे म्हणणे मला पटले. ‘ॲप्ट अपडेट’ करून ‘उबुंटू-डेस्कटॉप-मिनिमल’ टाकायला घेतले. या एका नावामागे डेस्कटॉपची सगळी मुख्य पॅकेजे येतात. शेकडो एमबी उतरत होते. पॅकेजे बसत असतानाच वीज गेली. घरी यूपीएस नव्हता. वीज आल्यावर पुन्हा आज्ञा दिली तेव्हा ॲप्टने सांगितले की मागचे काम अर्धवट राहिले आहे आणि ‘डीपीकेजी’ची अमुक आज्ञा चालवा. पूर्वीचा मी असतो तर ‘एरर आला’ एवढेच म्हणून हात टेकले असते. या वेळी ओळ वाचली, सांगितलेली आज्ञा दिली, अर्धवट पॅकेजे बसली आणि उरलेली स्थापना पुढे सुरू झाली.

रीस्टार्ट केल्यावर लॉगिनचा पडदा आला. आत गेलो तर ताईने लावलेले चित्र, फोल्डरांची मांडणी, सगळे जागच्या जागी होते, कारण या आवडीनिवडीही होममधल्या लपलेल्या फोल्डरांत राहतात. फायलींची नावे पुन्हा देवनागरीत दिसू लागली.

त्यानंतर एक्सएफसीई टाकला, ग्नोमच्या शेजारी. ग्नोम काढला नाही. लातूरला संगणक परत नेला, काही दिवस दाजींनी एक्सएफसीईवर काम केले, त्यांना जमले. पुढे हार्डडिस्क बदलून एसएसडी बसवली, तेव्हा यंत्राचा खरा अडथळा ती जुनी चकती होती हे दिसून आले. डेस्कटॉपला दोष देण्याआधी मी हे तपासायला हवे होते. ताईच्या फायलींची एक प्रत आता बाहेरच्या डिस्कवर जाते आणि ती डिस्क अभ्यासिकेत न ठेवता घरी ठेवतो.

मला शिकायला साधनेही होती, हे नंतर लक्षात आले. मुंबईच्या आयआयटीतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठी आवाजात तयार करून मोफत ठेवले आहेत. मी लातूरला उबुंटू टाकले त्याच वेळी ते स्वतः पाहून दाजींना दाखवले असते तर मजकुरी पडद्याची भीती दोघांचीही गेली असती. दुसऱ्याच्या यंत्रावर एखादी प्रणाली टाकून देणारा माणूस ती सांभाळण्याची जबाबदारीही घेत असतो. मी ती घेतली नव्हती.

आता नांदेड-लातुरात ओळखीतले कुणी म्हणाले की लिनक्सचा पडदा काळा झाला, तर मी एवढेच सांगतो. बटण दाबून धरू नका. कंट्रोल, अल्ट, एफ-३ दाबा, लॉगिन करा, पासवर्ड दिसत नसला तरी टाइप करा. मराठी नावे ठोकळ्यांत दिसली तर घाबरू नका. सगळ्यात आधी होमची प्रत बाहेर काढा. मग ॲप्टचा इतिहास वाचा, मोबाइलने इंटरनेट द्या आणि गेले ते परत आणा. लॉगिनच झाले नाही तर दुसऱ्या संगणकावर लाइव्ह पेनड्राइव्ह तयार करून तिच्यावरून संगणक सुरू करा. डिस्क धड असेल आणि कुलूपबंद केलेली नसेल तर फायली तिथूनही काढता येतात. आणि त्या यंत्रात दुसऱ्या कुणाचे काम असेल तर कशालाही हात लावण्याआधी त्या माणसाला फोन करा. दुकानात फॉरमॅटला ‘हो’ म्हणण्याचा अधिकार त्याचा आहे, संगणक उचलून नेणाऱ्याचा नाही.